नमुना सही

बँकेत माझं काम सह्या तपासायचं.
चेकवरची एक, स्क्रीनवरची एक.
'ग'च्या पोटात हवा किती,
शेवटची रेघ दमून खाली आली की मुद्दाम आणली,
एवढ्यावरून मी चेक परत पाठवते.
एकवीस वर्षांत एकदाच फसले,
तेही एका सुनेने सासूची सही केली तेव्हा.

आणि काल रात्री साडेअकराला,
विक्रोळीत, कन्नमवार नगरात,
पुसलेल्या ओट्यावर पेपर अंथरून
मी वेदांगची भूगोलाची वही लिहायला बसले.
त्याच्या अक्षरात.

डायरीत तांबोळी मॅडमचा चौथा शेरा:
'वही अपूर्ण. पालकांनी भेटावे.'
पालक भेटले होते. अर्ध्या दिवसाची रजा, तीन वेळा.
मुलांच्या बाकावर गुडघे मावत नाहीत.
'हुशार आहे हो, पण...'
पणच्या पुढचं त्यांनाही सांगता आलं नव्हतं.
ह्याचे बाबा म्हणाले, लिहू नकोस,
आपटू दे एकदा, मग कळेल,
आणि पंखा पाचवर करून झोपले.

आधी कच्च्या कागदावर सराव केला.
वेलांटी सगळीकडे पहिलीच,
दुसरीला थांबायला याला वेळ नाही.
रफार एक अक्षर पुढे,
आपला स्टॉप चुकून पुढच्याला उतरलेल्या माणसासारखा.
काना कधी आहे, कधी नाही.
अर्ध्या तासात हात बसला.
लाज वाटली, आणि थोडा अभिमानही.

समोर खालच्या पांगेरकरांच्या हृदयाची वही.
इतकी पूर्ण, की पोरीची काळजी वाटावी.
तिच्यात बघायचं, याच्यात उतरवायचं.
'मृत समुद्राची क्षारता जास्त आहे कारण'
हृदयाकडे पुढे चार ओळी.
याच्याकडे पान कोरं.
'बाल्टिक समुद्राची क्षारता कमी आहे कारण'
कोरं.
'भरतीची वेळ रोज बदलते कारण'
मी मागे गेले, जूनपर्यंत गेले.
प्रत्येक ठिकाणी तो कारणापर्यंत आलेला.
'ण'ची दांडी वाकडी, धावत चढल्यासारखी,
आणि तिथे कुणीतरी फळा पुसलेला.

कंटाळलेलं पोर मथळा लिहून थांबतं.
घाईचं अक्षर आणि आळसाचं अक्षर
मला उलटं धरूनही ओळखता येतं.
चार महिने ही वही मी फक्त
शेऱ्याच्या पानावर उघडत होते.

का नाही लिहीत? का रे? तोंड आहे ना?
तो म्हणतो, 'कारण...'
आणि माझा पुढचा प्रश्न तयार असतो.

दीड वाजता तो पाणी प्यायला उठला.
वही उचलली. बघत राहिला.
मला वाटलं भडकेल, किंवा रडेल.
म्हणाला, 'क्षारता बरोबर लिहिलंयस तू.
मी श्यारता लिहितो. बाई पकडतील.'

मग स्टूल ओढलं.
'पण तिथे एवढं मीठ का असतं?'

हृदयाच्या चार ओळी मला वाचता आल्या असत्या.
मी म्हटलं, आपल्या बिल्डिंगांच्या मागे मिठागरं आहेत ना,
पाणी अडवतात, ऊन ते घेऊन जातं, मीठ राहतं.
तसंच ते.
नदी येते आत.
बाहेर जायला वाट नाही त्याला.

बराच वेळ फ्रिजच घरघरत होता.
मग त्याने पेन घेतलं.
एक वाक्य. पावणेदोन ते दोन.
मी तोंड उघडलं नाही,
हे बँकेतल्या कुठल्याही कामापेक्षा अवघड होतं.

सोळा पानं उरली.
सकाळी डब्यात भेंडी, त्याला न आवडणारी,
दुसरं काही नव्हतं.
डायरीत शेऱ्याखाली पालकांसाठी दोन ओळींची जागा असते.
मी लिहिलं, 'वही अजून अपूर्ण आहे कारण'
आणि त्याने, उशीर झाला गं, म्हणत
डायरी हातातून ओढून दप्तरात कोंबली.